सेम डाएट, वजन वेगळं : जीन टेस्ट करून डाएट ठरवण्यात काही अर्थ आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. वजनावरचा हा इथला हजारावा धागा असेल, पण माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, तेव्हा "शोधा म्हणजे सापडेल" म्हणून हाकलू नका.

मी आणि माझी नणंद, दोघींनी दिवाळीनंतर एकदमच दोन वेळा जेवणाचं सुरू केलं. दीक्षितांचं, ५५ मिनिटंवालं. एकाच घरात राहतो, एकाच कढईतली भाजी, एकाच डब्यातलं पीठ. तिचं भराभर उतरलं, ब्लाउज आत घ्यावे लागले. माझं सुरुवातीला जरा हललं आणि मग काटा जो रुसला तो रुसलाच. सासूबाईंचं स्पष्ट मत आहे की मी चोरून खाते.

आता नणंदेच्या जिममध्ये एक कंपनीवाले येऊन गेले. नळीत थुंकी द्यायची, महिन्याने रिपोर्ट येतो. तुमच्या जीन्सप्रमाणे लो कार्ब की लो फॅट, भात चालेल की नाही, व्यायाम कुठला, सगळं त्यात. चौदा हजार रुपये. नवरा म्हणतो एवढ्यात वर्षभराची ज्वारी येईल.

तर कुणी केलीय का अशी टेस्ट? आणि जीन्सप्रमाणे डाएट हे खरंच असतं का?

टवाळ_मावळा

चौदा हजार देऊन थुंकायचं? आमच्या एसटी स्टँडवर लोक फुकट थुंकतात. (हलके घ्या.)

निवृत्त_अप्पा

हे जीन्सबिन्स सगळं निमित्त आहे. आमच्या लहानपणी अख्ख्या गावात जाडा माणूस एकच, तो म्हणजे सावकार. तेव्हा लोकांच्या अंगात जीन्स नव्हते का? मैलभर चालत शाळा, विहिरीचं पाणी ओढायचं आणि ताटात येईल ते खायचं. आता बसल्या जागी मोबाईलवर मागवतात आणि मग जीन्सला बोल लावतात. कमी खा आणि चाला. माझी फी पाठवायची गरज नाही.

मिसळपंथी

अप्पा +१. पण अप्पा, मिसळीला तेवढं माफ करा.

पेशीवाला

अप्पा, तेव्हाही जीन्स होते आणि हेच होते. फक्त इथे दोन प्रश्नांची सरमिसळ होतेय. कोण जाड होणार यात जीन्सचा हात किती, हा एक. आणि जीन्स बघून कुणाला कुठला डाएट लागू पडेल हे सांगता येतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "बराच हात आहे". दुसऱ्याचं उत्तर आजच्या घडीला "नाही". कंपन्या काय करतात, तर पहिल्याचा पुरावा दाखवून दुसऱ्याचं उत्तर विकतात.

जरा सविस्तर लिहितो, रविवार आहे आणि इकडे बाहेर बर्फ पडतोय.

स्टॅनफर्डला ख्रिस्तोफर गार्डनर म्हणून संशोधक आहेत. त्यांचा २००७ चा एक अभ्यास होता, ३११ बायकांवर, ॲटकिन्स (अगदी लो कार्ब) आणि इतर तीन डाएटची तुलना. नंतर त्यातल्याच काही जणींचे जीन्स तपासले तेव्हा असं दिसलं की जिच्या "जीन्सला जुळणारा" डाएट वाट्याला आला तिचं वजन दुपटी-तिपटीने जास्त उतरलं. २०१० साली हे एका परिषदेत सांगितलं गेलं आणि पेपरवाल्यांनी उचलून धरलं. जीन टेस्टवाल्यांची तर दिवाळी झाली. आजही जाहिरातीत जे असतं त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

पण ते मागे वळून केलेलं गणित होतं, आणि बायका थोड्या. म्हणून त्याच गार्डनरनी मग रीतसर मोठा प्रयोग केला. नाव डाएटफिट्स, निकाल २०१८ च्या फेब्रुवारीत जामा या मासिकात आला. ६०९ माणसं, वर्षभर. निम्म्यांना चांगला लो फॅट, निम्म्यांना चांगला लो कार्ब. चांगला म्हणजे काय तर दोन्हीकडे साखर-मैदा जितका टाळता येईल तितका टाळा, भाज्या भरपूर खा, घरी शिपवा. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितलं नाही. आधीच सगळ्यांचे तीन जीन्स तपासून ठेवले होते, ४० टक्के लोक "लो फॅटवाले" निघाले आणि ३० टक्के "लो कार्बवाले".

वर्षाने लो फॅट गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो कार्बचं ६.० किलो. म्हणजे जवळजवळ सारखंच. आणि ज्यांचे जीन्स डाएटशी जुळत होते त्यांना, न जुळणाऱ्यांपेक्षा, काडीचा जास्त फायदा झाला नाही. इन्शुलिन किती तयार होतं ते पण तपासलं होतं, त्याने पण फरक पडला नाही.

ज्या माणसाने आधी आशा दाखवली त्यानेच मोठा अभ्यास करून "नाही हो" म्हणून जाहीर केलं, याचं मला कौतुक वाटतं. २०२३ मध्ये लुइझियानातल्या पेनिंग्टन संस्थेने जास्त जीन्स घेऊन १२ आठवड्यांचा असाच प्रयोग केला, उत्तर तेच.

तेव्हा रानजाई, नवऱ्याचं ऐका, ज्वारी घ्या.

कोल्हापुरी_रस्सा

"घरी शिपवा" हहपुवा (हसून हसून पुरेवाट) :D

पेशीवाला

शिजवा. फोनचा कीबोर्ड. तुम्ही समजून घेतलंत तेवढं पुरे.

टवाळ_मावळा

यापुढे आमच्या घरी पण शिपवणार. "आज काय शिपवलंय?"

शंकासुर

पेशीवाला, वाचनखूण साठवली. पण मग एक शंका. डाएटने फरक पडत नाही, जीन्सने पडत नाही, तर रानजाई आणि तिच्या नणंदेत जो फरक पडलाय तो कशाने? सरासरी सहा किलो म्हणजे सगळ्यांचे सहा उतरले असं थोडंच आहे?

पेशीवाला

बरोब्बर पकडलंत. त्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. दोन्ही गटांत कुणाचं ३० किलोच्या आसपास उतरलं आणि कुणाचं चक्क १० किलो वाढलं. एकाच गटात, त्याच सूचना, तेच वर्ग. म्हणजे दोन डाएटमधला फरक पाऊण किलोचा आणि एकाच डाएटमधल्या दोन माणसांतला फरक चाळीस किलोचा. आपण सगळे भांडतो मात्र त्या पाऊण किलोवर.

तो चाळीस किलोचा फरक कशाने, हे कुणालाच पूर्ण सांगता आलेलं नाही. त्यात जीन्सचा वाटा नाही असं मी म्हणत नाही. तीन जीन्सवरून तो ओळखता येत नाही एवढंच म्हणतोय.

रानजाई

अय्या, म्हणजे दहा किलो वाढलेले पण आहेत? हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून फ्रिजवर लावते, सासूबाई दिवसातून वीस वेळा फ्रिज उघडतात.

डाएटवाली_मैत्रेयी

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला. रोज हीच तक्रार ऐकते, "मॅडम आम्ही दोघी सेम खातो". रागावू नका रानजाई, पण एक कढई म्हणजे एक डाएट नाही. माझ्याकडे सासू-सून, जावा-जावा, नवरा-बायको जोडीने येतात आणि मी दोघांना वेगवेगळं बसवून लिहायला लावते. मग कळतं की पातेल्यात उरलेला घासभर भात कोण संपवतं, मुलांच्या ताटातलं टाकवत नाही म्हणून कोण खातं, भाजी परतताना मीठ बघायला म्हणून कोण चमचाभर तोंडात टाकतं. चोरून खाणं नाही हे, स्वयंपाकघरातली हजेरी आहे. दुसरी जी ऑफिसला जाते ती स्टेशनचे जिने चढते, लोकलमध्ये तासभर उभी असते, तिला हा व्यायाम वाटतच नाही.

मग वय बघा, आधीचं वजन बघा. नव्वद किलोच्या बाईचे पाच आणि साठ किलोच्या बाईचे पाच सारखे नसतात, टक्क्यात बघायचं. थायरॉइड, पीसीओडी, झोप किती, पाळी जायला आलीय का, काही गोळ्या चालू आहेत का. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी, स्टेरॉइडने वजन वाढतं. हे सगळं विचारायला थुंकी लागत नाही. थायरॉइडची टेस्ट काहीशे रुपयांत होते.

आणि कंबर मोजता का? काटा थांबला तरी कंबर उतरत असते कित्येकदा.

निवृत्त_अप्पा

म्हणजे मी म्हटलं तेच. पातेल्यातलं खातात.

डाएटवाली_मैत्रेयी

अप्पा, तुमच्या ताटातलं उरलेलं कोण खातं घरी?

कोल्हापुरी_रस्सा

अप्पा आउट! अप्पांना कुणीतरी पाणी द्या.

बेळगावी_कुंदा

अप्पांच्या "कमी खा" थिअरीवर. कॅनडात क्लोद बुशार यांनी एक प्रयोग केला होता, १९९० मध्ये छापून आला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या, राहायची सोय तिथेच, देखरेखीखाली. सगळ्यांना रोजच्यापेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या, आठवड्याचे सहा दिवस, अशा ८४ दिवस. उपाशी ठेवलं नाही, चारलं. सगळ्यांना सारखंच जास्तीचं खाणं, तरी कुणाचं ४.३ किलो वाढलं आणि कुणाचं १३.३. पण जुळ्या भावांचं आपसात बघितलं तर बरंचसं सारखं, एकाचं जास्त वाढलं की दुसऱ्याचंही जास्त. चरबी कुठे बसली, पोटावर की इतरत्र, ते सुद्धा जोडीत जुळत होतं.

म्हणजे तेवढंच जास्त खाऊन एकाचं वजन दुसऱ्याच्या तिप्पट वाढतं, आणि हा गुण घराण्यातून येतो. अप्पांना सावकार एकच दिसला कारण जास्तीचं खायला बाकी कुणाकडे नव्हतंच, नाहीतर गावात अजून पाच-सहा सावकार झाले असते अंगाने.

निवृत्त_अप्पा

बेळगावकर, तुमचा मुद्दा वाचला. पण तो अभ्यास खाऊ घालण्याचा आहे, उतरवण्याचा नाही.

बेळगावी_कुंदा

मान्य. कर्ज काढणं आणि फेडणं वेगळं. पण ज्याच्या अंगात साठवायची हौस उपजत आहे त्याला फेडायलाही जड जाणार असं वाटतं की नाही?

शेंगाचटणी_सोलापूर

अप्पांच्या बाजूने एक उदाहरण देते नाहीतर ते रुसतील. पिमा म्हणून आदिवासी जमात आहे, काही ॲरिझोनात राहतात आणि त्यांचेच भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरात. रक्त एकाच मुळाचं. ॲरिझोनातल्यांत लठ्ठपणा आणि मधुमेह प्रचंड. मेक्सिकोतले शेतात राबणारे, मका-राजमा खाणारे. १९९४ च्या अभ्यासात दोघांच्या सरासरी वजनात साधारण २६ किलोचा फरक होता. जीन्स बदलले नव्हते, ताट आणि कष्ट बदलले होते.

निवृत्त_अप्पा

जियो. सोलापूरकरांची चटणी आणि बुद्धी दोन्ही तिखट.

एडिसनचा_निमिष

मी केलीय टेस्ट. एक नाही, दोन. पहिली बायकोने वाढदिवसाला दिली, दुसरी ऑफिसच्या वेलनेस स्कीममध्ये फुकट होती. नावं लिहीत नाही, उगाच वकिलाचं पत्र यायचं.

पहिल्या रिपोर्टप्रमाणे मला फॅट सोसत नाही, कार्ब चालतात. दुसऱ्याप्रमाणे मी कार्बला "सेन्सिटिव्ह", लो कार्ब करावं. एकच मी, एकच थुंकी. दोन्ही रिपोर्टमध्ये जुळणाऱ्या गोष्टी म्हणजे भाज्या खा, साखर कमी करा, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम करा. हे सांगायला आई भारतातून रोज व्हिडिओ कॉल करतेच.

एक गोष्ट खरी निघाली पण, दूध पचत नाही असं दोघांनीही सांगितलं. ते मला थुंकायच्या आधी माहीत होतं, आणि घरातल्या सगळ्यांना पण.

टवाळ_मावळा

हहपुवा. शेवटचं वाक्य वाचून चहा कीबोर्डवर.

पेशीवाला

निमिष, असं होतं कारण दोन्ही कंपन्या वेगवेगळे जीन्स निवडतात आणि त्यांना आपापल्या अंदाजाने मार्क देतात. शिवाय हे मार्क ज्या अभ्यासांवरून ठरवले ते बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांवरचे. दुधाचं वेगळं आहे, तिथे एका जनुकाजवळचा ठरावीक बदल आणि पचनाचा सरळ संबंध आहे. वजनाचं तसं नाही. २०१८ मध्ये सुमारे सात लाख लोकांचा डेटा तपासून वजनाशी संबंध असलेल्या ९४१ जागा जनुकांत सापडल्या, आणि सगळ्या मिळून माणसामाणसांच्या बीएमआयमधला (उंचीच्या मानाने वजन) जेमतेम ६ टक्के फरक समजतो. एवढ्या पसाऱ्यातले पाच-दहा निवडून "तुम्ही भात खाऊ नका" सांगणं म्हणजे धाडस आहे.

त्रिदोष

नवल वाटतं की इतके प्रतिसाद झाले तरी कुणी प्रकृतीचं नाव काढलं नाही. वात, पित्त, कफ. कफ प्रकृतीच्या माणसाचं वजन पटकन वाढतं, हळू उतरतं, हे आपल्याकडे कधीच सांगून ठेवलंय. प्रत्येकाला वेगळा आहार ही कल्पना पाश्चात्त्यांना आत्ता सुचतेय. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने तर २०१५ मध्ये प्रकृती आणि जनुकांचा संबंध दाखवणारा पेपरही काढला.

शंकासुर

त्रिदोष, तो पेपर मी वाचलाय. तीन प्रकृतींचे पुरुष निवडून त्यांचे जीन्स तपासले, आणि पीजीएम१ नावाच्या जनुकाचा पित्त प्रकृतीशी संबंध दिसला. रोचक आहे. पण त्यात कुणाला डाएटवर ठेवलं नव्हतं आणि कुणाचं वजन उतरलं का हेही बघितलं नव्हतं. कफवाल्यांना एक आहार, पित्तवाल्यांना दुसरा देऊन वर्षभर मोजलं पाहिजे, स्टॅनफर्डसारखं. ते होईपर्यंत निमिषच्या रिपोर्टला जो न्याय तोच प्रकृतीला.

त्रिदोष

हजारो वर्षांचा अनुभव हा पुरावा नसतो का? असो. वाद घालायचा नाही.

मिसळपंथी

वाद घालायचा नाही म्हणणारा माणूस तीन प्रतिसादांत परत येतो हा या संस्थळाचा नियम आहे.

जिरेपूड

मुद्द्याचं बोलू का? दीक्षित सांगतात दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा, कारण खाल्लं की इन्शुलिन वाढतं. ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं सारखं खा, तूप-भात सोडू नका. दोन्हींचे भक्त आमच्याच सोसायटीत आहेत, दोन्हींत बारीक झालेले आहेत आणि दोन्हींत तसेच राहिलेले पण. मग हा जीन्सचाच पुरावा नाही का? ज्याला जे जुळलं त्याला ते लागू पडलं.

पुणेरी_पाटी

दीक्षितच बरोबर. सारखं चरायला आपण काय गाई-म्हशी आहोत?

तूपसाखर

दिवसभर उपाशी राहून एकदम ताटभर हादडायला आपण काय अजगर आहोत?

पुणेरी_पाटी

अजगर बारीक असतो.

तूपसाखर

गिळल्यावर बघा मधे कसा दिसतो.

संपादक_मंडळ

दीक्षित विरुद्ध दिवेकर यावर आधीच तीन धागे कुलूपबंद केले आहेत. कृपया चौथ्याची वेळ आणू नये. काही प्रतिसाद उडवले आहेत.

पेशीवाला

जिरेपूड, तुमचा तर्क ऐकायला अगदी बरोबर वाटतो, मोठ्या मोठ्या लोकांना तो तसाच वाटला होता. पण ज्याला दीक्षित लागू पडला त्याला दिवेकर लागू पडला नसता हे कुणी तपासलं? ज्याचं एकात उतरलं त्याचं कदाचित दुसऱ्यातही उतरलं असतं, कारण त्याने वर्षभर नेटाने केलं, कारण त्याच्या कामाच्या वेळेत ते बसलं, कारण दोन्हींत फरसाण बंद झालं. हे वेगळं करायचं तर त्याच माणसाला दोन्ही डाएटवर आळीपाळीने ठेवावं लागेल. जाहिरातीत फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो असतो.

आकडेमोड्या

मी पेशीवाल्यांशी थोडा असहमत आहे. "जीन्स आणि डाएट यांचा काही संबंधच नाही" असा निष्कर्ष लोक इथून घेऊन जातील म्हणून लिहितो.

एक, डाएटफिट्समध्ये तीनच जीन्स होते. तीन जीन्स फेल गेले म्हणून कल्पनाच फेल असं होत नाही. दोन, पाउंड्स लॉस्ट म्हणून अभ्यास होता, ८११ लोक, दोन वर्षं, चार डाएट, २००९ चा. त्याच्या डेटावरून नंतर बरेच पेपर आले ज्यात एफटीओ या वजनाशी जोडलेल्या जनुकाचा जोखमीचा प्रकार असलेल्यांचं जास्त प्रोटीनच्या डाएटवर शरीरातली चरबी जास्त कमी झाली वगैरे दिसलं. तीन, एफटीओ काही किरकोळ नाही. वजनाशी त्याचा संबंध २००७ मध्ये सापडला, आणि आईकडून एक वडिलांकडून एक अशा दोन्ही जोखमीच्या प्रती असलेले लोक सरासरी ३ किलो जास्त वजनाचे होते.

तेव्हा आज टेस्ट घेऊ नका, मान्य. पण दार बंद करू नका.

पेशीवाला

दार उघडंच आहे हो, फक्त तिकीट विकायची घाई नको म्हणतोय. एफटीओचं म्हणाल तर २०१६ मध्ये बीएमजे या वैद्यकीय मासिकात आठ चाचण्यांमधल्या ९५६३ लोकांचा डेटा एकत्र करून तपासला गेला. जोखमीचा एफटीओ असलेल्यांचं वजन डाएटने, व्यायामाने किंवा औषधाने इतरांइतकंच उतरलं. मला तर ही आनंदाची बातमी वाटते. रिपोर्टमध्ये "लठ्ठपणाचं जनुक आहे" वाचून लोक हातपाय गाळतात, पण त्या जनुकामुळे वजन उतरायला अडथळा येत नाही.

एकाच डेटामधून दहा पेपर काढले की एकात काहीतरी चमकतंच, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

आकडेमोड्या

काढतो. तुम्ही या मात्र, बर्फाचं कारण सांगू नका.

पेठकरी

एवढा वेळ अमेरिका-कॅनडा चाललंय, जरा पुण्यात या. आपल्या लोकांच्या बाबतीत खरा प्रश्न कुठला डाएट हा नाहीच, वजनाचा काटा किती खरं बोलतो हा आहे.

२००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात एक फोटो छापून आला होता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे काट्याच्या हिशेबात दोघे सारखेच फिट. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! आणि मजा म्हणजे त्यांनीच लिहिलंय की युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणं.

हे काही एका माणसापुरतं नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा त्यांच्या टीमने अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्पटनची ३.५ किलोची. आपली बाळं लहानखुरी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. बारीक दिसणारं पण चरबीचं बाळ. आणि याला ते नुसते जीन्स जबाबदार धरत नाहीत, गर्भात असताना आईच्या पोटात काय गेलं, तिला बी१२ जीवनसत्त्व मिळालं का, याकडे बोट दाखवतात. म्हणजे थुंकीतल्या डीएनएत जे लिहिलेलंच नाही ते.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात, २५ ला लठ्ठपणा. कंबर बाईची ८० सेंटिमीटर, पुरुषाची ९०. मैत्रेयीताईंनी वर कंबर मोजा म्हटलंय ते सोन्यासारखं आहे.

आकडेमोड्या

उत्तम प्रतिसाद. यात भर : त्याच याज्ञिकांच्या टीमच्या २००९ च्या पेपरमध्ये भारतीयांत एफटीओचा मधुमेहाशी जोरदार संबंध दिसला, आणि तो फक्त जाडीमुळे आलेला नव्हता. गोऱ्या लोकांत तो बहुतेक वजनाच्या वाटेनेच येतो. तेच जनुक इथे थोडं वेगळं वागतं. युरोपियन डेटावरचा रिपोर्ट आपल्याला का चिकटवू नये याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

निवृत्त_अप्पा

लिफ्टचं आवडलं. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट कायम बंद असते, सोसायटीने आमच्या आरोग्याची काळजी घेतलीय म्हणायची.

त्रिदोष

गर्भिणी परिचर्या आपल्याकडे...

मिसळपंथी

बोललो होतो ना. फक्त तीनाचे तेरा झाले.

रानजाई

सगळ्यांचे आभार, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. टेस्ट करत नाहीये. कंपनीवाल्याला फोन करून विचारलं की तुमच्या रिपोर्टप्रमाणे डाएट केलेल्यांचं वजन, रिपोर्टशिवाय केलेल्यांपेक्षा जास्त उतरलं असा अभ्यास आहे का. तो म्हणाला मॅडम आमचे हजारो समाधानी ग्राहक आहेत. मी परत विचारलं तर म्हणाला सीनियरना फोन करायला सांगतो. सीनियर अजून यायचेत.

मैत्रेयीताई, तुमचं ते पातेल्यातल्या भाताचं वाचून मी गप्प बसले, जास्त लिहीत नाही. नणंद खरंच रोज दोन्ही वेळा स्टेशनपर्यंत चालते, मी घरून काम करते. रक्ताच्या तपासण्या या आठवड्यात करते. दोन वेळा जेवण मला जमतंय का, की मी दुपारभर चिडचिड करते, हे पण बघायचंय, कारण मुलगा म्हणाला आई तू जेवल्यावर छान असतेस.

डाएटवाली_मैत्रेयी

मुलाचं ऐका. जो आहार पाळताना घरचे तुम्हाला घाबरतात तो फार काळ टिकत नाही. तिसरं खाणं वाढवून बघा, संध्याकाळी चारच्या सुमाराला, फुटाणे किंवा ताक, आणि दोन जेवणांत डाळ-उसळीचं प्रमाण वाढवा. घरून काम करता तर फोनवरच्या मीटिंगा चालत घ्या.

सावलीतली_सायली

उशिरा आले, माफ करा. एक गंभीर प्रश्न विचारू का? माझा भाचा तीन वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा वजन नॉर्मल होतं, पण सहा महिन्यांपासून जे वाढायला लागलं ते थांबेना. भूक अशी की जेवून उठला की पुन्हा रडतो, रात्री उठून स्वयंपाकघरात जातो. नातेवाईक वहिनीला बोलतात की लाडाने खाऊ घालते. वरचं सगळं वाचून वाटलं की जीन टेस्ट वगैरे थोतांडच, पण अशा मुलांसाठी पण नाही का काही?

पेशीवाला

सायली, बरं झालं विचारलंत, कारण इथे उत्तर उलटं आहे. वर ज्याला नको म्हणतोय ती डाएट ठरवायची टेस्ट. अगदी लहानपणी सुरू झालेला लठ्ठपणा आणि न भागणारी भूक, यात जीन टेस्ट खरोखर उपयोगाची असू शकते. काही मुलांत एकाच जनुकात मोठा बिघाड असतो. १९९७ मध्ये केंब्रिजच्या टीमने पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत भावंडं तपासली, मुलगी आठ वर्षांची आणि ८६ किलो. त्यांच्या अंगात लेप्टिन नावाचं हार्मोन जवळजवळ नव्हतंच, पोट भरलं हा निरोप मेंदूला जायचाच नाही. त्या आईबापांना पण लोक हेच ऐकवत असणार. लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर तिची भूक आटोक्यात आली आणि वजन उतरलं.

असे आजार फार दुर्मिळ आहेत, भाच्याला तेच असेल असं मुळीच म्हणत नाही. त्यातल्या त्यात जास्त आढळणारा बिघाड एमसी४आर जनुकातला असतो. नात्यात लग्न झालेल्या घरांत यातले काही प्रकार जास्त दिसतात, तेवढं डॉक्टरना सांगा. जिमवाल्यांची टेस्ट चालणार नाही. मुलांचे हार्मोनतज्ज्ञ असतात, मोठ्या सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात चौकशी करा. आधी ते मुलाला तपासतील, उंचीचा आलेख बघतील, थायरॉइड वगैरे बघतील आणि मग गरज वाटली तर जीन टेस्ट लिहून देतील.

डाएटवाली_मैत्रेयी

आणि जाताना जन्मापासूनच्या वजन-उंचीच्या नोंदी घेऊन जा, लसीकरणाच्या कार्डावर असतात. उंची पण जोरात वाढतेय की वजनच वाढतंय यावरून डॉक्टरना बरंच कळतं. तोपर्यंत त्याला उपाशी ठेवायचा प्रयोग कुणी करू नका, आजीने सांगितलं तरी.

सावलीतली_सायली

खूप आभार दोघांचे. वहिनीचं माहेर आणि आमचं घर आधीपासून नात्यातलंच आहे. वहिनीला हा धागा पाठवला, ती कार्ड शोधतेय.